पाहण्याचे पैसे

ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे मला अजून समजलेलं नाही. अक्षर तर असं की माझंच मला दुसऱ्या दिवशी लागत नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात खुरपं आलं, पेन नाही. ही डायरी कृषी केंद्राने फुकट वाटली होती, ती कोरीच पडून होती. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण वाचलंच कोणी, तर चुकांना हसा, काकूंना हसू नका.

काकू म्हणजे पंचफुलाकाकू, आमच्या गावच्या चक्कीवाल्या. आमचं गाव अकोटपासून एसटीने अर्ध्या तासावर. काकूंचा नवरा लवकर गेला. मागे राहिली एक मुलगी आणि एक पिठाची चक्की. मुलगी शालू नांदगाव खंडेश्वरला दिली, आणि चक्की काकूंनी पस्तीस वर्षं एकटीने चालवली.

त्या बुटक्या, रुंद, आणि भुवया कायम पांढऱ्या. म्हातारपणाने की पिठाने, ते कोणाला माहीत नाही. आवाज फार मोठा. चक्कीच्या घरघरीत बोलून बोलून त्यांना हळू बोलताच येत नव्हतं. चक्की बंद असली तरी तसंच. आमच्या घरात पाहुणे आले आणि काकूंनी मला विचारलं, "साखर हाय काय व मंदे, का आणू?" तर ते पाहुण्यांच्या गावापर्यंत ऐकू जाई. त्यामुळे त्यांना कोणी गुपित सांगत नसे. पण पैसे, दागिने, किल्ल्या सगळ्या बायका त्यांच्याकडेच ठेवत.

डब्यावर कधी नाव घातलं नाही. चाळीस डबे रांगेत असले तरी काकू झाकणावर बोटाने टिचकी मारून सांगायच्या, हा मंदेचा, हा विमलचा, हा मास्तरीणबाईचा. पीठ निघालं की चिमूटभर जिभेवर ठेवायच्या. "गहू जुना हाय व तुहा. दुकानदारानं फसवलं." एकदा माझ्या सासूने त्यांना म्हटलं, आमच्या गव्हाला नावं ठेवता, तर काकू म्हणाल्या, "नावं नाई ठेवत, गहू ठेवला त्याले ठेवतो."

चक्कीच्या भिंतीवर निळ्या रंगाने लिहिलेलं होतं, दहा किलोला शंभर ग्राम घट. दळताना थोडं उडतं, थोडं दगडाला चिकटतं, ते सगळीकडेच जातं. दुसरे चक्कीवाले सांगत नाहीत. काकू डबा आधी मोजायच्या, दळून पुन्हा मोजायच्या आणि काटा आपल्याला दाखवायच्या. घट शंभरापेक्षा जास्त झाली तर स्वतःच्या पिपातलं पीठ भरून द्यायच्या. मी नवी नवरी असताना विचारलं होतं, काकू, हे भिंतीवर कशाला लिहिलं? तेव्हा म्हणाल्या, "सांगून खाल्लं तं घट, न सांगता खाल्लं तं चोरी. दगड बी खाते, पन मी त्याचं खानं सांगून देतो."

ज्या वर्षी नाल्याचं पाणी गावात शिरलं, त्या वर्षीची गोष्ट. श्रावण होता. पहाटे पाणी उंबऱ्यापर्यंत आलं आणि आम्ही पोरंबाळं घेऊन शाळेत पळालो. काकू येईनात. माझे मालक त्यांना आणायला परत गेले, तर बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून लोकांचे डबे माळ्यावर चढवत होती. मालक म्हणाले, "काकू, चला, मोटर गेली तुमची." काकू ओरडल्या, "मोटर माही हाय, जाऊ दे. डबे लोकाईचे हायेत." बावीस डबे वाचले. काकूंची पेटी, गादी, शालूच्या लग्नातला फोटो, सगळं गेलं. शाळेत त्या ओल्या लुगड्याने बसल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "विमल, तुह्या ज्वारीले ओल नाई लागली."

विमल आमच्याच घरांच्या ओळीतली. तोंडाने तिखट, कामाला वाघीण, नवरा दारूत. त्या पुरात तिची एक भिंत पडली.

महिन्याभराने सरकारने मदत जाहीर केली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना भांडीकुंडी, कपडे यांसाठी पाच हजार. बऱ्याच बायांची बँकेत खाती बंद पडलेली, कोणाचं आधार जोडलेलं नाही. म्हणून शाळेत एका बँकेची माणसं आली आणि आमच्या ओळीतल्या चौदा बायांना एकेक कार्ड देऊन गेली. सरकार यातच पैसे टाकेल, तुम्ही अकोटच्या मशीनमधून काढा, असं सांगितलं. कार्डाबरोबर पाकिटात इंग्रजीतलं एक पुस्तक होतं, बोटाएवढ्या अक्षराचं नाही, मुंगीएवढ्या अक्षराचं. कोणी ते चुलीत घातलं, कोणी पोरांना दिलं.

आता मशीन कोणाला येत होतं? काकूंना थोडंसं येत होतं, कारण विधवेचं मानधन त्या तिथूनच काढायच्या. वाचता येत नव्हतं, पण आकडे सगळे येत. कोणतं बटण कुठे ते त्यांना जागेवरून पाठ होतं. मग जसे डबे ठेवायचो तसेच आम्ही तेरा जणींनी कार्डं काकूंकडे ठेवली, चौदावं त्यांचं स्वतःचं. तीही एका बिस्किटाच्या डब्यात. आणि गुपित आकडे तोंडी सांगितले. ते कोणाला सांगायचे नसतात, हे बँकवाला बजावून गेला होता. पण काकूंना सांगितलं म्हणजे कोणाला सांगितलं असं आम्हाला वाटतच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी काकू अकोटला जायच्या. मिरची, मीठ, चक्कीचा पट्टा घ्यायच्या आणि मशीनवर जाऊन चौदाही कार्डं एकामागून एक टाकून पाहायच्या, आले का पैसे. आमच्याकडे रीतच तशी आहे. कणगीत ज्वारी किती उरली ते दर आठ दिवसांनी झाकण उघडून पाहायचं. पाहिल्याने काही कमी होत नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. काकू मशीनपुढे उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "मंदेचा, बावीस एकोणसाठ!" मागे सात माणसं उभी होती. गार्ड धावत आला, "अवो मावशी, हळू बोला, कोनी आयकन."

"आयकू दे ना. कार्ड तं माह्या हातात हाय. निस्त्या आकड्याचं काय भजे तळतीन?"

मशीनवर इंग्रजीत काहीतरी यायचं. खाली उजवीकडचं बटण दाबलं की पुढे जायचं. काकू ते दाबायच्या. मग शून्य यायचं. चौदा शून्यं पाहून त्या परत यायच्या आणि एसटीतून उतरता उतरता ओरडायच्या, "नाई आले व!" अख्ख्या ओळीला कळायचं.

मधे दसऱ्याला सरपंच म्हणाले पैसे पडले. काकू लगेच गेल्या आणि पाहण्याऐवजी सरळ काढायलाच लागल्या. चौदाही वेळा मशीन नाही म्हणालं. असे दहा बाजार झाले.

दिवाळी होऊन गेल्यावर अकराव्या बाजाराला पैसे आले. पण पाहिलं तर चिठ्ठीवर चार हजार सातशे अठ्ठावीस रुपये साठ पैसे. काकूंना वाटलं मशीनच चुकलं. हातात विमलचं कार्ड होतं, त्यावर त्यांनी पाच हजारच मागितले. मशीन नाही म्हणालं. मागून लोक ओरडायला लागले. मग काकूंनी प्रत्येक कार्डावरून चार हजार सातशे काढले, कारण शंभराच्या खालचं मशीन देत नाही. चौदा चिठ्ठ्या कार्डांबरोबर डब्यात ठेवल्या आणि घरी आल्या.

त्या संध्याकाळी चक्कीच्या ओट्यावर त्यांनी सगळ्यांना पैसे वाटले. आधी बायका खूश होत्या. मग विमलने मोजले.

"काकू, तलाठ्यानं पाच हजार सांगतले होते."

"मशीनमंदून सत्तेचाळीसशेच निंगाले व."

"सगळ्याईचेच तीनशे कमी? मशीनले लय अक्कल हाय बाप्पा! कोनाचे दोनशे नाई, कोनाचे चारशे नाई."

काकू म्हणाल्या, "चिठ्ठ्या हायेत ना. हे पाह्य."

"मले काय वाचता येते चिठ्ठ्या? तुमी दाखोसान ते खरं." आणि मग विमल ओट्यावरून उतरता उतरता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दळनासारखी घट धरली वाट्टे काकूनं. पाच हजाराले तीनशे!"

दोघीतिघी हसल्या. हसण्यासारखंच बोलली होती ती. मी हसले नाही, पण बोललेही नाही. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, लहानपणापासूनच. मला माहीत होतं काकू असं करणार नाहीत. ते मनात माहीत असून काय उपयोग?

काकूंनी चिठ्ठ्या डब्यात घातल्या. आत गेल्या. त्यांचा आवाज बंद झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

चार दिवसांनी त्यांनी सगळ्यांच्या घरी जाऊन तीनशे तीनशे रुपये दिले. चक्कीचा दगड झिजला होता, नव्या दगडासाठी त्यांनी पैसे बाजूला टाकले होते, ते हे. तेरा घरं, एकोणचाळीसशे रुपये. म्हणाल्या, "माह्या हातानं कमी आले, तं मी भरून देतो. कुठी गेले ते मी पाह्यतो." काकूंना वाटलं, घट जास्त झाली की पिपातलं पीठ घालतो, तसंच हे. पण पैशाचं पिठासारखं नसतं. गावात उलटच झालं. लोक म्हणाले, घेतले नसते तर दिले कावून असते?

डबे कमी होऊ लागले. बसस्टँडजवळ एकाने नवी चक्की टाकली होती, बाया तिकडे जायला लागल्या. आमच्या घरीही सासूबाई म्हणाल्या, त्या चक्कीवर नको आता. मी डबा पदराखाली झाकून निघाले. रस्ता काकूंच्या दारावरूनच. त्या रिकाम्या ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. पण म्हणाल्या, "झाकन नीट लाव व मंदे, येताना पीठ उडते." मी घरी येऊन ते पीठ मळलं, पण त्या दिवशी मला भाकर गेली नाही.

त्याच दिवसांत शालूचा नांदगावहून निरोप आला. गुडघे दुखतात, एकटी राहू नको, चक्की विक आणि इकडे ये. काकूंनाही जायचं होतं, नातू झाला होता. पण म्हणाल्या, "आता गेलो तं चोर म्हनून गेलो. आधी हे निंगू दे, मंग जाईन."

एक दिवस काकू माझ्याकडे आल्या. हातात बिस्किटाचा डबा. चुलीपुढे बसून चौदा चिठ्ठ्या मांडल्या. आकडे त्यांना येत होतेच. "हे पाह्य. तेरा चिठ्ठ्याईत मागं उरले अठ्ठावीस रुपये साठ पैसे. अन् विमलच्या चिठ्ठीत पाच रुपये. सगळ्यात सारखंच टाकलं, सारखंच काढलं, मंग हा एकच डबा कमी कावून भरला?"

मी काय सांगणार? पण त्या मला घेऊन अकोटच्या बँकेत गेल्या. तिथे खिडकीवर एक तरुण बाबू होता. काकूंनी दोन चिठ्ठ्या पुढे ठेवल्या आणि तेच विचारलं. त्याने संगणकात पाहिलं.

"या कार्डावर त्या दिवशी पाच हजार मागितले होते. तेवढे नव्हते, म्हणून व्यवहार नाकारला. त्याचे तेवीस रुपये साठ पैसे लागतात."

"म्हंजे मशीननं नाई म्हनलं, त्याचे पैसे?"

"हो."

काकूंनी दोन्ही चिठ्ठ्या उचलून घेतल्या. मग म्हणाल्या, "मंग पाह्याचे बी असतीन."

बाबूने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. मग तो पडदा हळूच आमच्याकडे वळवला. एकाखाली एक ओळी होत्या. अकरा वेळा अकरा रुपये ऐंशी पैसे. दसऱ्याच्या नकाराचे तेवीस रुपये साठ पैसे. कार्डाचेच एकशे अठरा. खात्यात शून्य असताना ते नावावर चढत राहिले, आणि पाच हजार आले त्या दिवशी सगळे एकदम कापून घेतले. दोनशे एकाहत्तर रुपये चाळीस पैसे. प्रत्येकीचे.

काकूंनी त्या अकरा तारखा बोटाने दाखवल्या. "हे सारे बाजाराचे दिवस हायेत."

"मशीनवर विचारतं ना, शुल्क लागेल, चालेल का म्हणून. आणि तुम्हाला पुस्तक दिलं होतं, त्यात शेवटच्या पानावर सगळं लिहिलंय."

काकूंनी स्वतःचं पुस्तक जपून ठेवलं होतं. पिशवीतून काढून पुढे केलं. "वाचून दाखव."

त्याने शेवटचं पान काढलं, डोळे बारीक केले, मग चष्मा पुसला. त्यालाही ते लागायला वेळ लागला. तेव्हा काकूंचा तो मोठा आवाज परत आला. सगळी बँक वळून पाहायला लागली. "बाबू, माहा दगड बी खाते. पन मी भिंतीवर लिवलं हाय, निळ्या रंगानं, टोपल्याएवढ्या अक्षरात. तुह्या बँकेले भिंत नाई काय?"

पण बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसल्या आणि एकदम हळू म्हणाल्या, "मंदे, मीच खाल्ले व. दर बाजाराले जाऊन मीच खाऊन आलो तुमचे."

मी म्हटलं, "तुमाले काय माहीत होतं, काकू?"

"विमलले बी काय माहीत होतं? तिनं मोजले, कमी निंगाले, ते बोलली."

परत आल्यावर त्या घरोघर गेल्या. मी बरोबर होते, मागे, दाराच्या बाहेर. प्रत्येकीला त्यांनी एकच सांगितलं, पैसे मी घेतले नाहीत, पण माझ्या पाहण्याने गेले. दुसऱ्या कोणी फक्त पहिलं अर्धं सांगितलं असतं. काही बायांना पटलं. काहींनी मान हलवली. विमल म्हणाली, "म्हंजे गेले तं तुमच्याच हातानं."

"हाव. माह्याच हातानं."

विमलने दार लावून घेतलं.

बाबूने सांगितलं होतं, पैसे परत मागायचे तर प्रत्येकीचा वेगळा अर्ज, स्वतःच्या सहीचा. काकू मला म्हणाल्या, "तू लिव." मी म्हटलं, मला नाही येत, माझं अक्षर वाईट आहे. म्हणाल्या, "साहेबाचं अक्षर चांगलं होतं, मुंगीएवढं. काय उपेग झाला त्याचा? तू मोठं लिव." मी आठ दिवस दुपारी बसून चौदा अर्ज लिहिले. प्रत्येकात तेच, आम्हाला न सांगता कापलेले पैसे परत द्या.

सहीला विमल नाही म्हणाली. काकू तिच्या अंगणात उभ्या राहिल्या. "मले चोर म्हनत राह्य. जोरानं म्हन. पन सही कर. पैसे तुहे हायेत, माहे नाई." विमलने अंगठा दिला. तेव्हाही ती काकूंकडे पाहत नव्हती.

बँकेने अर्ज घेतले आणि नियमाप्रमाणे आहे म्हणून परत पाठवले. मग आम्ही अकोल्याला गेलो, जिल्ह्याच्या कचेरीत. मी अकोला लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहिलं. कचेरीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरलो. तिसऱ्या ठिकाणी एक बाई साहेब होत्या, मदतीचं काम पाहणाऱ्या. त्यांनी माझे अर्ज एकेक करून वाचले. माझ्या कानशिलांना घाम आला. मग त्यांनी कपाटातून एक जाड फाईल काढली आणि बराच वेळ चाळली.

"आजी, कार्डं द्यायच्या आधी बँकेने आम्हाला लिहून दिलं होतं. मदतीच्या रकमेतून कोणतंही शुल्क कापणार नाही म्हणून. हे बघा."

"मले दिसते, वाचता येत नाई. तुमी म्हनता तं असन. मंग कापले कसे?"

"कोणी आलंच नाही हो सांगायला. मी बँकेत फोन करते."

"फोन नाई, पत्रच पाठवा. अन् त्याची एक नक्कल आमाले द्या." बाई साहेब हसल्या आणि दिली. निघता निघता काकू दारातून परत वळल्या. "बाई, आमी चौदा जनी हाओ. पन कार्डं तं लय गावात वाटले. त्या बायाईनं बी पाह्यलं असन ना? न पाह्यता राह्यते काय मानूस?" तेव्हा बाई साहेबांनी हसणं थांबवून वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग वाट पाहणं. आणि त्यात एक गंमत झाली. पैसे परत आले की नाही हे कसं कळणार? मशीनवर पाहायचं तर पुन्हा अकरा रुपये ऐंशी पैसे. गावात कोणी कार्डाला हात लावीना. काकूंनी यावर उपाय काढला. दर बाजाराला बँकेत जाऊन त्या बाबूच्या खिडकीसमोर उभ्या राहायच्या. तो म्हणायचा, "काकू, मशीनवर पाहा ना." काकू म्हणायच्या, "मशीन फुकट पाहू देत नाई. तू देतो." शेवटी शेवटी तो त्यांना दुरून पाहूनच मान हलवायचा, आणि काकू तिथूनच परत फिरायच्या. एकदा त्याने खुर्ची दिली. एकदा त्यांनी त्याला शेवया नेऊन दिल्या. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, हे काकूंनी कसं काढून घेतलं कोण जाणे.

चैत्र संपता संपता बाबूने मान हलवली नाही, हात वर केला.

काकू कार्डं घेऊन मशीनवर गेल्या नाहीत. सरळ घरी आल्या. दोन दिवस चक्की बंद ठेवली. मला खडू आणायला लावला आणि चक्कीच्या भिंतीवर मशीन काढायला सांगितलं, बटणांसकट. मग तेरा बायांना बोलावलं आणि आलेल्यांना आपापलं कार्ड परत देऊन शिकवलं. कार्ड कसं टाकायचं, आकडे कोणालाही दिसू न देता कसे दाबायचे, नुसतं पाहायचं बटण कोणतं, आणि ते का दाबायचं नाही. विमल आली नाही. पण तिची मुलगी दारात उभी राहून सगळं पाहून, आईचं कार्ड घेऊन गेली.

"आता माह्या हातात कोनाचं कार्ड नाई," काकू म्हणाल्या. "ज्याचा डबा त्यानं उचलावा."

यानंतर चार दिवसांनी काकू नांदगाव खंडेश्वरला गेल्या. चक्की बसस्टँडवाल्याने घेतली. दोन वर्षांनी शालूचा फोन आला की आई गेली, मार्गशीर्षात, झोपेतच. आम्ही चौघीजणी गेलो होतो दहाव्याला. पण मला त्या शेवटच्या दिसल्या असं मी ज्याला म्हणते, तो दिवस मशीनचाच.

काकूंनी शिकवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या एकाच एसटीने अकोटला गेलो. विमलही होती, पुढच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून. दुपारचे बारा वाजले होते. बँकेच्या बाहेर सावलीत काकू उभ्या राहिल्या, मशीनपासून दहा पावलं दूर, हात मागे बांधून. आत एकेक बाई गेली. आपल्या आपण. कोणी मधेच बाहेर येऊन विचारत होती, "काकू, आता कोनतं?" आणि काकू जागच्या न हलता सांगत होत्या. आधीचे उरलेले अठ्ठावीस रुपये साठ पैसे आणि परत आलेले दोनशे एकाहत्तर रुपये चाळीस पैसे, बरोबर तीनशे. विमलचे पाच आणि दोनशे पंच्याण्णव, तेही तीनशेच. बाहेर आली की प्रत्येक बाई ते तीनशे काकूंच्या हातावर ठेवत होती. मीही ठेवले. मला काहीतरी बोलायचं होतं, ठरवून आले होते. ते बोलता आलं नाही. काकू म्हणाल्या, "जाय, तिकडे सावलीत बस."

विमल सगळ्यांत शेवटी गेली. तिला वेळ लागला. रांगेतली माणसं कुरकुरू लागली, गार्ड उठून उभा राहिला. मग ती बाहेर आली. तीन नोटा मुठीत. काकूंसमोर आली आणि नोटा पुढे केल्या, मान खाली घालून.

काकूंनी हात पुढे केला नाही.

"किती हायेत?"

"तीनच तं नोटा हायेत, काकू."

"तोंडानं सांग."

"तीनशे."

"मले आयकू नाई आलं. चक्कीनं कान गेले माहे."

विमलने मान वर केली. एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिचा नेहमीचाच निघाला, ओट्यावर निघाला होता तसाच खणखणीत. "तीनशे! बँकेनं कापले होते ते तीनशे. काकूनं आपल्या पदरचे भरले होते. आता पुरे वापस आले!"

गार्डने विचारलं, काय झालं. काकूंनी नोटा घेतल्या, बाकीच्यांत मिसळल्या, आणि न मोजता कमरेच्या पिशवीत घालून नाडी ओढली.